अंगठ्याखालची चिप

बदकाचं डोकं असलेला बिगुल तुम्ही पाहिलाय का? मी पाहिलाय. निळ्या कोटाच्या खिशावर, पिवळ्याधमक दोऱ्यात, चोच वासून बसलेला. हल्ली लोक त्याबद्दल माझं कौतुक करतात. परवा तर एका बाईंनी मला रस्त्यात थांबवून "कल्पना कशी सुचली हो?" असं विचारलं. कल्पना कसली डोंबलाची! तेव्हा एकदाचं सगळं सांगून टाकलेलं बरं.

एका रविवारी सकाळी मी पेपर वाचत होतो. आतल्या खोलीत बायकोचं भरतकामाचं मशीन खटखटत होतं. ते शिलाई मशीनसारखंच दिसतं, पण त्याला बाजूला एक छोटा पडदा आहे. त्या पडद्यावर बायको एकेक ठिपका भरत नक्षी काढते. मशीन ती लक्षात ठेवतं आणि मग सांगाल तेव्हा, सांगाल त्या कापडावर सुईने भरून देतं. फुलं, पानं, अक्षरं, पक्षी, असं तिने इतक्या वर्षांत काय काय काढून ठेवलंय ते तिलाच माहीत. त्यातलं एक पान माझ्या शर्टाला इस्त्रीने पडलेलं भोक झाकण्यासाठी काढलेलं आहे. त्या पानासकट तो शर्ट मी ऑफिसच्या निरोप समारंभात घातला होता, आणि साहेबांनी तो कुठून आणला म्हणून विचारलं होतं. असो.

खटखट थांबली आणि आतून हाक आली, "अहो, जरा येता का?"

आमच्याकडे 'जरा'ने सुरू झालेलं कुठलंच काम जरात आटपलेलं नाही. मागे 'जरा' एक खिळा ठोकायचा होता, तेव्हा प्लंबरला बोलवावं लागलं होतं.

आत जाऊन पाहतो तर कोटाच्या खिशावर अर्धा बिगुल भरून सुई भलतीकडेच भरकटलेली. बायकोने बंद केलं, पुन्हा चालू केलं. पुन्हा अर्धाच बिगुल. तिने मशीनला हलकीशी थाप मारली. बिगुल पुरा झाला. पुढच्या कोटाला पुन्हा अर्धा. बायको माझ्याकडे बघत राहिली, आणि मी बिगुलाकडे.

हे कोट शाळेच्या बँडचे होते. शनिवारी मुलांचा कार्यक्रम, आणि खिशावरचा बिगुल बायकोने स्वतः काढलेला. आजवर तिने शेजारपाजाऱ्यांच्या उशांवर फुकट फुलं भरून दिली होती. कुणीतरी तिला रीतसर बोलावून, खुर्चीवर बसवून काम देण्याची ही पहिलीच वेळ. मुख्याध्यापिकाबाईंनी आधीच सांगून ठेवलं होतं, "तुम्हाला जमणार नसेल तर तसं सांगा, मोठ्या दुकानात देऊ." बायको "जमेल" म्हणून आली होती, आणि त्या दिवसापासून घरात थोडी उंच झाल्यासारखी चालत होती.

मी आधी कंपनीला फोन लावला. पलीकडच्या मुलीने फार गोड आवाजात मॉडेलचा नंबर विचारून घेतला आणि म्हणाली, "सर, हे मशीन अस्तित्वात नाही."

"अहो, माझ्यासमोर आहे."

"बरोबर आहे सर, पण आमच्याकडे ते दिसत नाही."

"तुमच्याकडे कसं दिसेल? आमच्या घरात आहे ते!"

"मग सर, तक्रार नोंदवता येणार नाही. आणखी काही मदत करू का?"

शेवटी मशीनचा बोर्ड काढून आम्ही दोघं चौकातल्या दुरुस्तीवाल्याकडे गेलो. त्याने भिंग डोळ्याला लावलं आणि बोर्डाच्या मधोमध बसलेल्या, गोमेसारखे पाय असलेल्या काळ्या चौकोनावर बोट ठेवलं. "ही चिप. हिचे पाय सोल्डरने, म्हणजे वितळवलेल्या कथलाने, बोर्डाला चिकटवलेले असतात. मशीन हादरून हादरून सोल्डरला चिरा गेल्यात. वरून गरम करून देतो, पुन्हा चिकटेल."

"आणि माझी नक्षी?" बायकोने विचारलं.

"ती या चिपमध्येच. गरम करताना एखादी चिप जाते. गेली तर आतलं सगळं पुसलं. त्याची गॅरंटी नाही."

"मग आधी नक्कल काढून ठेवा ना."

"नक्कल काढायचं यंत्र होतं माझ्याकडे. बिघडलंय."

"दुरुस्त का नाही करत?" मी विचारलं.

"त्याची चिप मिळत नाही."

बायकोने त्याच्या हातातून बोर्ड घेतला, रुमालात गुंडाळला आणि पर्समध्ये ठेवला. घरी येईपर्यंत ती एक अक्षर बोलली नाही. बायको भांडते तेव्हा मला फारशी भीती वाटत नाही. गप्प झाली की माझं काही खरं नसतं.

जिन्यात टेलिफोनसाहेब भेटले. हे आमच्या वरच्या मजल्यावर राहतात, एकटेच. सारी नोकरी टेलिफोन एक्सचेंजमध्ये झाली. आता निवृत्त होऊनही कडक इस्त्रीचा शर्ट घालून रोज सकाळी तयार होतात आणि मग कुठेही जात नाहीत. मी त्यांना सगळं सांगितलं. त्यांनी जिन्यातच डोळे मिटले.

"चिप सोल्डर करायचीच नसते," ते म्हणाले. "सॉकेट! सॉकेट लावा. सॉकेट म्हणजे चिपची खुर्ची. सोल्डर त्या खुर्चीला करायचं. चिपने नुसतं पाय खोचून बसायचं. एकदाच काय ते गरम करून तिला बोर्डावरून सोडवा, पुढे जन्मभर तिला आच म्हणून लागणार नाही. आमच्या एक्सचेंजमध्ये सगळ्या चिपा सॉकेटमध्ये होत्या."

तळमजल्यावर दाताचे डॉक्टर राहतात. दवाखानाही तिथेच. आमचा आवाज ऐकून ते बाहेर आले, आणि आमच्या इमारतीतल्या रिवाजाप्रमाणे विषय काय आहे हे कळायच्या आत त्यांनी मत दिलं.

"साफ चूक! घट्ट बसलेलं उपटून त्या जागी काढता-घालता येणारं बसवायचं? म्हणजे चांगला दात काढून कवळी लावण्यासारखं आहे."

"दात हलतोय डॉक्टर," टेलिफोनसाहेब म्हणाले.

"हलतोय तर पक्का करा!"

"आणि पुन्हा हलला की? पुन्हा भाजायचं का बिचारीला?"

दोन दिवस इमारतीत हाच विषय. खालचे सोल्डरवाले, वरचे सॉकेटवाले. आमचं घर मधल्या मजल्यावर असल्याने दोन्ही पक्ष आमच्याच कोचावर बसून आमचाच चहा पीत भांडायचे. जे वॉचमन मला कधी गुड मॉर्निंग म्हणत नाहीत, त्यांनीही फाटकाशी अडवून सांगितलं, "साहेब, सॉकेटच बरं. आमच्या गावाकडे बल्बला सॉकेटच असतं."

निर्णय शेवटी बायकोने दिला. "सॉकेट. पण तुम्हीच करायचं."

"मी?"

"तुम्ही शाळेत असताना रेडिओ जोडला होता ना? लग्न ठरताना तुमच्या आईंनी मुद्दाम सांगितलं होतं."

तो रेडिओ लागत नसे, एवढा एक तपशील आईने सांगितलेला नसावा. "तो दुरुस्तीवाला जास्त चांगलं करेल," मी म्हटलं.

"करेल. पण त्याला ती चिप म्हणजे नुसती चिप. तुम्हाला निदान माझी भीती तरी आहे."

मी सॉकेट आणायला गेलो. सुट्या भागांच्या दुकानात काउंटरमागच्या गृहस्थांनी चष्म्यावरून पाहिलं. "आम्ही फक्त संस्थांना विकतो. कुणातर्फे आलात?"

"बायकोतर्फे," मी म्हणालो. तोंडून खरंच तसंच निघालं.

त्यांनी चष्मा काढला, माझ्याकडे नीट पाहिलं आणि आत जाऊन सॉकेट आणून दिलं. शिवाय वितळलेलं सोल्डर ओढून घ्यायची एक पिचकारीही दिली. "घरचं काम आहे, लागेल," म्हणाले. त्या अनोळखी माणसाचं मी आजही नाव काढतो, म्हणजे काढलं असतं, पण विचारायचं राहून गेलं.

घरी सरावाला सुरुवात केली. सोल्डर गन तापली की ती कुठे ठेवायची, हा प्रश्न मला ती तापल्यानंतर पडला. जेवणाच्या टेबलावर आता तिचा ठसा आहे. माझ्या डाव्या तर्जनीवरही होता, तो गेला. टेबलावरचा जाणार नाही असं बायको अधूनमधून सांगते.

चिप काढायचा दिवस आला. आणि कोण मदतीला यावं? सोल्डरपक्षाचे पुढारी! डॉक्टर म्हणाले, "माझं मत बदललेलं नाही. पण उपटायचंच आहे तर निदान नीट उपटा. माझ्याकडे या. दिवा आहे, चिमटे आहेत, आणि गार हवेचा फवारा आहे. एकीकडून तापवा, दुसरीकडून मी गार ठेवतो."

दुपारी दवाखान्यातल्या आडव्या खुर्चीवर आम्ही बोर्ड झोपवला. वरून तो प्रखर दिवा. मी गन घेऊन, डॉक्टर फवारा घेऊन, टेलिफोनसाहेब मार्गदर्शनाला, आणि बायको भिंतीला टेकून, पदर मुठीत धरून. मी एकेक पाय तापवायचो, पिचकारीने सोल्डर ओढायचो, डॉक्टर फुस्स करून चिप गार करायचे.

"हलवू नका, तुटेल!" टेलिफोनसाहेब ओरडले.

"मुळापाशी अडकलाय," डॉक्टर म्हणाले. "जोर लावा, पण हळू."

"धूर येतोय हो!" बायको.

"येऊ दे. आता निघतोय बघा, सगळे एकदम निघतायत!"

चिप सुखरूप बाहेर आली. आम्ही घाम पुसत दार उघडलं तर बाहेरच्या बाकावर चपलांचा एक जोड तेवढा होता. डॉक्टरांचा पेशंट अनवाणी पळाला होता. डॉक्टर यावर रागावले असते तर समजलं असतं. ते हसत सुटले. म्हणाले, "जाऊ दे, त्याची दाढ तशीही दुखत नव्हती."

मी सॉकेट सोल्डर केलं. टाके जरा जाडजूड आले, पण बसले. मग टेलिफोनसाहेबांनी सांगितलेल्या बाजूने चिप सॉकेटवर ठेवली आणि अंगठ्याने दाबली. कट्ट! फार समाधानाचा आवाज असतो तो. वर येऊन मशीन जोडलं, कोट लावला. सुई सुरू झाली. बिगुलाचा खालचा घेर आला, नळी आली, बायकोच्या चेहऱ्यावर रंग आला. मग नळीच्या टोकाला एक डोळा आला.

डोळ्यानंतर चोच.

ते बदक तिने कुणाच्या तरी बाळाच्या दुपट्यासाठी काढलं होतं. बायकोने दुसरा कपडा लावून गुलाब काढून पाहिला. गुलाबातून इंग्रजी आठचा आकडा निघाला. तिसऱ्या वेळी तिने मशीन बंद केलं, कोटाची घडी घातली, आणि घडीवर हात ठेवून बसली.

"गेलं सगळं," ती म्हणाली. "जाऊ द्या. तुम्ही मुद्दाम थोडंच केलंत."

शपथेवर सांगतो, ती चिडली असती तर मला परवडलं असतं. सोल्डरवाले-सॉकेटवाले दोघेही आपापल्या चहाच्या कपात बघत राहिले. मला वाटलं, त्या टेबलाऐवजी माझंच नाक भाजलं असतं तर बरं झालं असतं. तिच्या त्या सगळ्या एकटीच्या दुपारी, एकेक ठिपका, एकेक ठिपका, आणि मी अंगठ्याने कट्ट करून सगळ्याचा काला केला होता.

डॉक्टर एकदम उठून खाली गेले. आम्हाला वाटलं, तोंड चुकवून गेले. ते परत आले ते दात तपासायचा छोटा आरसा घेऊन. गुडघ्यावर बसून त्यांनी तो आरसा चिपच्या कडेला धरला, इकडून पाहिलं, तिकडून पाहिलं.

"वहिनी, रडू नका. एक दात आत वाकलाय."

आणि खरंच! वरून सगळे पाय सॉकेटमध्ये गेल्यासारखे दिसत होते, पण एक पाय भोकात न जाता चिपच्या पोटाखाली दुमडून बसला होता. टेलिफोनसाहेब म्हणाले, "हां, तो पाय चिपमधल्या कुठल्या नक्षीचं घर उघडायचं ते सांगतो. तो नसला की मशीन बिगुल काढायला जातं आणि अर्ध्यावर बदकाच्या घरात शिरतं." काही पुसलं गेलं नव्हतं. नक्षी सगळी जिथल्या तिथे होती. डॉक्टरांनी चिमट्याने पाय सरळ केला. बायकोने देवाला नाही, डॉक्टरांना हात जोडले. पुन्हा कट्ट! बिगुल आला, सबंध, सोन्यासारखा. मी टाळ्या वाजवल्या. इतर कुणी वाजवल्या नाहीत, पण ते असो.

पुढे गाडी सुरळीत चालायला हरकत नव्हती. चाललीही, काही कोटांपुरती. मग पुन्हा नळीच्या टोकाला डोळा यायला लागला.

टेलिफोनसाहेबांनी झाकण उघडून पाहिलं आणि शांतपणे म्हणाले, "वर सरकली. सॉकेटमधली चिप हादऱ्यांनी हळूहळू वर सरकते. आमच्या एक्सचेंजमध्ये एक माणूस रोज सकाळी सगळ्या चिपा अंगठ्याने दाबत फिरायचा."

"अहो, मग हे आधी का नाही सांगितलंत?"

"तुम्ही विचारलं नाहीत."

"पण एवढ्या मोठ्या एक्सचेंजमध्ये एक अख्खा माणूस या कामाला? कोण होता तो?"

साहेब झाकणाकडे बघत म्हणाले, "मीच."

डॉक्टरांच्या ओठांवर कवळीबद्दलचं वाक्य आलेलं मला स्पष्ट दिसलं. त्यांनी ते चहाबरोबर गिळलं. फार मोठ्या मनाचा माणूस.

मग काय, झाकण उघडं ठेवून चिपवर अंगठा धरायची पाळी लागली. मी ऑफिसला रजा मागितली. ऑफिसातल्या साहेबांनी कारण विचारलं. "घरी एक गोष्ट दाबून धरायची आहे," मी म्हणालो. त्यांनी पुढे काही विचारलं नाही, उलट आवाज खाली आणून "सांभाळून करा, काही लागलं तर कळवा" म्हणाले. त्यांनी नेमकं काय समजून घेतलं ते मला अजून कळलेलं नाही.

सकाळी टेलिफोनसाहेब यायचे, कडक इस्त्रीत. बाही दुमडून बसायचे आणि अंगठा ठेवायचे. त्यांचा अंगठा असताना एकही बदक आलं नाही, हे मला कबूल केलंच पाहिजे. माझ्या पाळीत माझा अंगठा बधिर व्हायचा, कधी शिंक यायची, आणि लगेच चोच दिसू लागायची, की बायको मशीन थांबवून तेवढे टाके उसवायची. दुपारी डॉक्टर दोन पेशंटांच्या मध्ये धावत वर यायचे. वॉचमन म्हणाले, "मी पण धरू का थोडा वेळ?" त्यांनीही धरला. घर माणसांनी भरलेलं, मशीन खटखटतंय, बायको कोट लावतेय, काढतेय, आणि कुणी ना कुणी तिच्या शेजारी अंगठा टेकवून बसलेलं. मला लाज वाटायला हवी होती. पण खरं सांगू? मला फार बरं वाटत होतं.

शुक्रवारी डॉक्टरांना मोठी शस्त्रक्रिया निघाली, वॉचमनची पाळी बदलली, माझ्या अंगठ्याला फोड आला, आणि टेलिफोनसाहेब एकटेच सकाळपासून न उठता बसून होते. त्यांचा हात थरथरायला लागलेला बायकोने पाहिला. तिने मशीन थांबवलं.

"काका, हात काढा."

"नाही नाही, मी ठीक आहे."

"हात काढा म्हणते ना." तिने कोटाची बटणं लावायचा जाड दोरा सुईत ओवला आणि बोर्डाकडे निरखून बघितलं. "या कडेच्या भोकांतून दोरा गेला तर काही बिघडेल का?"

साहेब पुढे वाकले. "या दोन भोकांतून चालेल. त्याच्या बाजूच्याला हात लावू नकोस."

आणि बायकोने ती चिप शिवली. वरून आडवा दोरा, खालून गाठ, पुन्हा आडवा, पुन्हा गाठ, घट्ट, अगदी कोटाला बटण लावावं तशी. चार बाजूंनी हलवून पाहिली. जागची हलेना. साहेबांनी अंगठा ठेवून पाहिला, काढला, पुन्हा ठेवला.

"उभ्या नोकरीत हे सुचलं नाही," ते म्हणाले. मग जरा थांबून, "सुचलं असतं तर नोकरीच गेली असती म्हणा."

सगळे कोट संध्याकाळपर्यंत झाले. एक सोडून, तो बदकाचा. नवं कापड नव्हतं. बायकोने तो उसवायला घेतला, पण इतक्या दाट टाक्यांनी कापडच फाटेल म्हणून तसाच, मान खाली घालून, शाळेत नेऊन दिला. तो झांजा वाजवणाऱ्या मुलीच्या वाट्याला आला. शनिवारी कार्यक्रमानंतर बघतो तर सबंध बँड तिच्याभोवती जमा. सोमवारी मुख्याध्यापिकाबाईंचा फोन आला. मुलांना पुढच्या वर्षी सगळे कोट बदकाचे हवेत.

बायकोने फोन ठेवला आणि माझ्याकडे वळली. "तो पाय परत वाकवता येईल का हो? तसा पहिल्यांदा तुम्हालाच जमला होता."

सॉकेट असल्याने वाकवता येईल. सोल्डर असतं तर आलं नसतं. हे मी डॉक्टरांना मुद्दाम खाली जाऊन सांगितलं. ते म्हणाले, त्यांचं मत बदललेलं नाही.

बदकाचे कोट पुढच्या वर्षी. सध्या चिप दोऱ्याखाली घट्ट बसली आहे. उघडून बघायचीही गरज नाही. तरी रोज सकाळी टेलिफोनसाहेब कडक इस्त्रीचा शर्ट घालून जिना उतरतात आणि आमच्या दारात उभे राहतात. पूर्वी ते तयार होऊन कुठेच जात नसत, हे मी सांगितलंच. बायको त्यांच्यासाठी मशीनचं झाकण आधीच काढून ठेवते.

"काका, कालपासून जरा सैल वाटतेय हो."

साहेब चष्मा लावतात, बाही दुमडतात आणि अंगठा टेकवून नीट दाबतात. चिप होती तिथेच असते.

"आता बसली," ते म्हणतात.

"तुम्ही आहात म्हणून," बायको म्हणते, आणि चहा ठेवायला आत जाते.